डिकीवरचं टॉप मॉडेल

"चारही टॉप मॉडेल पाठवतो मॅडम. डोळे झाकून घ्या!" गाड्या भाड्याने देणारा तिसरा व्हेंडरही फोनवर हेच म्हणाला. डोळे झाकून कसं चालेल?

मी सातपूरच्या एका कारखान्यात ट्रॅव्हल डेस्क सांभाळते. दोन दिवसांनी परदेशी कस्टमरचे लोक येणार होते, त्यांच्यासाठी चार गाड्या हव्या होत्या. प्लांट बघून मोठी ऑर्डर द्यायची की नाही, ते ठरवणार. त्यांचा नियम एकच: सहा एअरबॅग नसतील त्या गाडीत बसणार नाही.

"हॉटेलच्या दारात ते अडून बसले तर ऑर्डर गेली," आमचे मॅनेजर कुलकर्णी सर म्हणाले. "आणि तिच्याबरोबर..."

"मी. कळलं सर!"

आता गंमत ऐका. एकाच गाडीत बेस, मिड, टॉप असे प्रकार असतात. लांबून सगळ्या सारख्याच. पण आमच्याकडे चालतात त्या जरा जुन्या गाड्यांत बेसला दोनच एअरबॅग, टॉपला सहा.

द्वारका चौकाजवळच्या वॉशिंग सेंटरवर तिन्ही व्हेंडरच्या गाड्या सकाळी धुवायला येतात. गेले तिथेच. अकरा गाड्या, आणि प्रत्येकीच्या डिकीवर टॉपचं चकचकीत नाव! मी तर नाचायचीच बाकी होते. सरांना फोन लावणार, तोच एका गाडीच्या मागच्या काचेकडे लक्ष गेलं. वायपरच नाही. टॉपला तर असतो! दार उघडलं. सहांतल्या दोन एअरबॅग छताच्या कडेला असतात; त्या असल्या की तिथल्या प्लास्टिकवर 'एअरबॅग' असं कोरलेलं असतं. इथे प्लास्टिक कोरं.

गाडी सटाण्याच्या निंबा आप्पांची, व्हेंडरकडे लावलेली. स्वतःच चालवतात.

"आप्पा, ही टॉप?"

आप्पा ओशाळले. "बेसच हाय मॅडम. वरचं नाव असलं की कंपनीची ड्यूटी मिळते. दुकानातून आणायचं, चिकटवायचं. लय जणांनी लावलंय."

बाई गं! म्हणजे अकरापैकी खऱ्या किती?

"मला विचारा ना," आप्पा म्हणाले. "ती पांढरी खरी. कोपऱ्यातली लाल खरी. बाकी समदं चिकटवलेलं. पिंपळगावात एकाच्या दोन हायेत, त्या पण खऱ्या."

मी पळतच जाऊन दोन्हींची दारं उघडली. कोरलेलं होतं! पिंपळगावहून व्हॉट्सॲपवर फोटो मागवले. त्यांच्यातही होतं! चार झाल्या!

"आप्पा, तुमची ड्यूटी गेली की."

"जाऊ द्या. माणसं बसनार ना त्यात."

ठरल्या दिवशी पाहुण्यांतल्या एका उंच बाईंनी दार उघडून, वाकून छताजवळच्या त्या कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि बसल्या. चारही गाड्या सुटल्या. मी हॉटेलच्या पायरीवर अशी शिट्टी मारली, की कुलकर्णी सर दचकले. ऑर्डर मिळाली.

तेव्हापासून मी कुठल्याच मालकाला त्याच्या गाडीचं मॉडेल विचारत नाही. शेजारच्या गाडीचं विचारते.