भाऊजींचा मधला

आमच्या भाऊजींचं नाव स्वानंद. बारशाला हे नाव ठेवणाऱ्या त्यांच्या आत्याचे पाय धरावेसे वाटतात मला. जन्मापासून माणूस स्वतःच्याच आनंदात आहे आणि दुसऱ्याचा आनंद तपासून परत पाठवतो.

मी मेहुणी, मला बोलायचा हक्क आहे. पण हे काही माझ्या जिभेला हाड नाही म्हणून बोलत नाहीये. भाऊजींची नोकरीच ती होती. डोंबिवलीत, मानपाड्याला एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल. डबा उघडायचा, काडी बुडवायची, नाक मुरडायचं, रिजेक्ट. रिटायर झाले तसा तो शिक्का घरी घेऊन आले. कोथिंबीर रिजेक्ट, दूधवाला रिजेक्ट, मी कळव्याहून डब्यात घालून नेलेले अनारसे रिजेक्ट. म्हणे जाळी एकसारखी पडली नाही. अहो, खायचेत की चाळणी म्हणून वापरायचेत?

लग्नाच्या वेळीही तेच. मुली बघून बघून त्यांची आई थकली आणि शेवटी तिनेच आमच्या हेमाताईला पसंत केलं. बघायला आले तेव्हा ताईने गाणं म्हटलं. आमच्या घरच्या सगळ्याच बायका जरा नाकातून गातात. आई आरती म्हणायला लागली की शेजारच्या काकू आल्याचा काढा घेऊन यायच्या. पण ताईचा आवाज गोड, ऐकत राहावा असा. गाणं संपलं. सगळे भाऊजींच्या तोंडाकडे बघतायत. भाऊजी छताकडे बघून म्हणाले, “पंख्याचं बेअरिंग गेलंय.”

गेलेलं होतंच. बाबांनी ते दुसऱ्याच दिवशी बदललं आणि जावई किती हुशार मिळाला म्हणून गल्लीभर सांगत सुटले.

तर हे भाऊजी रिटायर झाल्यावर घरी स्पीकर बनवायला बसले. विकतचे अर्थातच रिजेक्ट. आपला थ्री-वे करणार म्हणाले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांनी धरून बसवून समजावलं. एका पेटीत तीन भोंगे. खालचा मोठा तो वूफर, डग्ग्याचा घुमारा त्याच्याकडे. वरचा चिमुकला तो ट्वीटर, झांजा आणि सगळं स्स-स्स त्याच्याकडे. आणि दोघांच्या मध्ये बसतो तो माणसाच्या आवाजाचा. “मधला म्हणजे जीव,” भाऊजी म्हणाले. “बाकीचे दोघं नुसते वऱ्हाडी.”

वऱ्हाडी लगेच जमले, नवरदेव काही जमेना. अंतराच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या खोलीत कपाटाएवढ्या दोन पेट्या उभ्या राहिल्या. वूफरचा धक्का मधल्याला लागू नये म्हणून त्याच्यासाठी पेटीच्या आत वेगळी बंद खोली. लग्न झाल्यापासून ताईला त्या घरात स्वतःची खोली मिळाली नाही, मधल्याला मात्र तो यायच्या आधीच मिळाली. ती महिनोन् महिने रिकामी होती. सोसायटीची मांजर तिथे जाऊन झोपायची.

पहिला आणला कागदी कोनचा. दार लावून ऐकला आणि बाहेर येऊन म्हणाले, “नाकात बोलतो.” मग रेशमी घुमटाचा आणला. तोही नाकात बोलतो. अ‍ॅल्युमिनियमचा आणला, तोही मेला नाकातच. दुकानदार कमलेश एवढा वैतागला की फोनवर म्हणाला, “काका, माझ्याकडे स्पीकर मिळतात. नाकाचं काम डॉक्टरकडे.” आणि हे सगळं चालू असताना ताईने ओट्याशी नुसतं गुणगुणलं तरी आतून आरोळी यायची, “हेमा, जरा शांत! मी माणसाचा आवाज तपासतोय!”

त्यातच अंतराचं लग्न ठरलं, ठाण्याच्या शौनकशी. मुलगा चांगला. भाऊजींनी त्याला रिजेक्ट कसा केला नाही कोण जाणे, बहुतेक अंतराने विचारलंच नसावं. ताई मला म्हणाली, “हे बघ, साड्या, मेन्यू, मानपान काय हवं ते करा. मंगलाष्टकं मात्र मी लिहिणार आणि मीच म्हणणार. आयुष्यात एवढं एकच मला सगळ्यांसमोर म्हणायचंय. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली पाहिजेत.” मग म्हणाली, “यांनाही.”

चार कडवी लिहिली तिने. घरी तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून रिक्षा, गाडी, पुन्हा रिक्षा करत माझ्याकडे कळव्याला येऊन सराव करायची. मी चहा करायचे आणि रडायचे. कडवी होतीच तशी.

इकडे भाऊजींनी जाहीर केलं, हेमाची मंगलाष्टकं माझ्या स्पीकरवर होणार. ताईचा चेहरा असा फुलला की मीही मनात म्हटलं, जाऊ दे, माणूस वाईट नाही. तोवर पेटीत त्यातल्या त्यात बरा म्हणून एक मधला बसवलेला होता. ठाण्यात खोपटला एसटी डेपोमागे हॉल घेतलेला. हॉलवाल्याचे स्पीकर भाऊजींनी ऐकता क्षणी रिजेक्ट केले आणि डोंबिवलीहून टेम्पोने पेट्या आणल्या. केळवणाला गेलो होतो तेव्हा लिफ्टमध्ये मावत नव्हत्या म्हणून जिन्यातून उतरवायची तालीम आमच्याकडूनच करून घेतली होती, ते वेगळंच.

मुहूर्ताची वेळ झाली. अंतरपाट धरला. एका बाजूला शौनक, दुसऱ्या बाजूला अंतरा, तिच्यामागे आमचा दादा, मामा म्हणून. ताई माईकसमोर, मी शेजारी. हॉल भरलेला, एसी घोंगावतोय, बायका बोलतायत. ताईने डोळे मिटले आणि सुरू केलं. पेट्यांतून आलं, धुम्. धुम्. स्स. धुम्. स्स्स.

माणसाच्या आवाजाचा पत्ताच नाही.

आता ‘शुभमंगल सावधान’ म्हटलं की अक्षता टाकायच्या हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सावधान ऐकू येईल तर ना! लोकांना ऐकू येत होतं फक्त ‘स्स’. मग काय, दर ‘स्स’ला अक्षता. ताई म्हणते ‘सासर’, अक्षता. ‘सौख्य’, अक्षता. ‘संसार’ म्हटल्यावर तर अशी सर आली की शौनकच्या तोंडात गेली आणि तो बिचारा अंतरपाटाआड खोकत बसला. गुरुजी हात हलवून थांबा थांबा करतायत, लोकांना वाटलं टाका टाका. दुसरं कडवं संपायच्या आत हॉलमध्ये तांदळाचा दाणा उरला नाही. शेवटी गुरुजींनीच ओरडून खरं सावधान म्हटलं तेव्हा लोकांनी रिकामे हात हलवले. एका काकांनी खिशातली बडीशेप टाकली.

मी भाऊजींना खुणा करतेय, घसा दाखवतेय, कान दाखवतेय. ते फेटा सावरत अंगठा वर करून ओरडले, “बेस बघ, बेस!”

विहीणबाई माझ्या कानाशी येऊन गोड आवाजात म्हणाल्या, “तुमच्याकडे मंगलाष्टकं मनातल्या मनात म्हणतात वाटतं.” धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. ताईने मात्र चारही कडवी म्हटली. कुणालाही ऐकू जात नाही हे तिला पहिल्याच ओळीला कळलं होतं, तरी एकही शब्द न गाळता शेवटपर्यंत म्हटली.

पंगत बसल्यावर मी भाऊजींना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, “मधल्याची तार सकाळी मीच काढून ठेवली. काल रात्री परत ऐकला, नाकातच बोलत होता. लेकीच्या लग्नात नाकात बोलणारा मधला? त्यापेक्षा नसलेला बरा.”

“मग तुम्ही पण नसता आलात तरी चाललं असतं!” मी म्हणाले. एवढा संताप मला कधी आला नव्हता. ताई जिलबी वाढत पुढे गेली.

मांडवपरतणीला लेक-जावई आले, तेव्हा व्हिडिओ लावला. शूटिंगवाल्याने आवाज थेट माईकवरून घेतलेला होता, त्यामुळे टीव्हीवर ताईचा शब्द न् शब्द स्वच्छ. शेवटचं कडवं आलं:

झाली मोठि कळेचना कधि अहो, बाबा जरासे हसा,
आता ऐकुन घ्या तिचे पण जरा, जाते पहा लेक ही…

अंतरा हुंदके देऊन रडायला लागली. शौनकने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी पदर तोंडात कोंबला. आणि भाऊजी खुर्चीतून ताडकन उठले. “बघा! हा पण! टीव्हीसुद्धा नाकात बोलतोय!”

ताईने रिमोट घेऊन व्हिडिओ थांबवला. “अहो, तुम्ही इतके दिवस ते मधले तपासत होतात, ते कशावर?”

“तुझ्याच गाण्यावर. कोजागिरीला गच्चीवर रेकॉर्ड केलेलं ना, त्यावर. टेस्टला नेहमी ओळखीचा आवाज लागतो.”

“ओळखीचा,” ताई म्हणाली. “अहो, मीच नाकात गाते.”

भाऊजींनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “कधीपासून?”

शौनकने श्रीखंडाच्या वाटीत मान घातली. ताई हसली, पुष्कळ हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग वाट्या गोळा करून आत गेली.

मी त्या रात्री तिथेच राहिले. सकाळी खाटखुट ऐकून उठले तर भाऊजी पेटीपुढे मांडी घालून बसलेले. अगदी पहिला, तो रिजेक्ट केलेला कागदी मधला माळ्यावरून काढून त्यांनी बसवला होता. तार जोडली. लग्नाचं रेकॉर्डिंग लावलं. खोटं कशाला बोलू, ताई माझ्या शेजारी उभी राहून गातेय असंच वाटलं, नाकासकट. चारही कडवी झाली. भाऊजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि पुन्हा लावायचं विसरून तसेच बसले.

“पास,” ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “हेमा! अगं ये ना, ऐक! काय गायलीयेस गं!”

आत पोह्यांना फोडणी बसली.

“तुम्हीच ऐका,” ताई आतून म्हणाली. “मला पाठ आहे.”