शेवटच्या पानाची मागची बाजू

कोर्टाच्या नक्कलखात्यात सदतीस वर्षं काढलेल्या त्या गृहस्थांना सगळे 'मुळाबरहुकूम' म्हणायचे. कुणी निकालाची नक्कल मागितली की ती टाइप व्हायची. मग एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत ताडायचं, अगदी स्वल्पविरामासकट. सगळं जुळलं की खाली लिहायचं, 'मुळाबरहुकूम खरी नक्कल', आणि सही ठोकायची. हे शब्द त्यांनी इतक्यांदा लिहिले की ते अंगातच मुरले. बायकोने बाजारातली पिशवी रिकामी केली की ते हातातल्या यादीवर बोट ठेवून उभे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला याचं कौतुक वाटलं होतं. पुढच्या वर्षापासून तिने यादी करणंच बंद केलं.

एकुलत्या एका मुलीला त्यांनी वाचायला शिकवलं तेही याच चालीवर. पहिलीत ती धडा वाचायला उभी राहिली आणि प्रत्येक वाक्याला "पूर्णविराम" म्हणून थांबली. बाई हसल्या, वर्ग हसला, हिचं वाचन चालूच. पुढे ती वकील झाली. मुळाबरहुकूमांनी मनात चित्र रंगवलं होतं की ती याच कोर्टाच्या पायऱ्या काळा कोट सांभाळत चढेल आणि आपण खालच्या बाकावर निवृत्त माणसासारखे बसून बघू. बाक मिळाला, निवृत्तीही मिळाली. मुलगी मात्र परदेशी गेली, त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

तिचं काम समजून घ्यायलाच त्यांना सहा महिने लागले. निरनिराळ्या देशांतल्या तरुण वकिलांची एक संस्था होती, पस्तिशीच्या आतल्यांची. कुठल्या देशात एखाद्या वकिलावरच खटला भरला गेला, म्हणजे नको त्या माणसाची बाजू मांडली म्हणून त्यालाच पिंजऱ्यात उभं केलं, की ही मंडळी आळीपाळीने तिथे जायची आणि कोर्टात मागच्या रांगेत बसायची. बोलायचं नाही, उठायचं नाही. बसायचं, दिसायचं आणि लिहून घ्यायचं.

"एवढं शिकून बसायला गेलीस?" त्यांनी फोनवर विचारलं होतं.

"तुम्ही तरी काय केलंत बाबा? एक वाचायचा आणि दुसरा बघायचा. दुसरा नसता तर पहिल्याने काय काय गाळलं असतं?"

 पुढचे दोन दिवस ते भेटेल त्याला हेच वाक्य स्वतःचं म्हणून ऐकवत होते.

गेलं वर्षभर ती एका वकीलबाईंच्या खटल्याला बसत होती. साठीच्या बाई, कामगारांच्या बाजूने लढलेल्या, त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली होती. अपिलाला तीस दिवस होते. बाईंचा स्वतःचा वकील घाबरून बाजूला झाला, नवा मिळेपर्यंत दिवस सरले. "संपलं बाबा," मुलगी म्हणाली. "मुदत चार दिवसांपूर्वीच गेली. आता तिथे बसण्यासारखं काही उरलं नाही. मी येतेय. रविवारी."

घरात एकदम लगबग सुरू झाली. बायकोने गाद्यांना ऊन दाखवलं. तीन वर्षं बिघडलेला गिझर एका सकाळी दुरुस्त झाला. मुलीच्या खोलीत साठलेली अडगळ मुळाबरहुकूमांनी एकट्याने माळ्यावर चढवली आणि कंबर धरून बसले. रोज संध्याकाळी ते तिच्या पलंगावर जाऊन जरा टेकायचे. बायको दारातून बघायची.

अशात मुलीने त्यांना निकालाची नक्कल फोनवर धाडली. सोबत एक ओळ होती, "तुमच्या भाऊबंदांनी केलीय, बघा." बाईंच्या वयस्क यजमानांकडून संस्थेच्या तरुणांनी कागदांचा गठ्ठा घेतला होता आणि पानं स्कॅन करून ठेवली होती. मुळाबरहुकूमांना पडद्यावर वाचता येत नसे. ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि एकेचाळीस पानं छापून आणली. घरी येऊन खिडकीशी बसले, चष्मा पुसला आणि बोट फिरवू लागले. नक्कल इंग्रजीत होती, चांगली होती, हात सराईत होता. त्यांना त्या अनोळखी कारकुनाबद्दल उगाच आपुलकी वाटली.

शेवटच्या पानावर बोट थांबलं. सहीखाली कागदाच्या पोटातून जांभळट, उलटा, फिकट असा काहीतरी गोल डोकावत होता.

त्यांनी पान उलटं करून काचेला लावलं. मागचा प्रकाश त्यातून आला आणि अक्षरं सुलटी झाली. शिक्का होता. नक्कल मागितल्याची तारीख, तीन. तयार होऊन दिल्याची तारीख, सतरा. मधले चौदा दिवस.

नक्कल मिळायला जे दिवस लागतात ते अपिलाच्या मुदतीत धरत नाहीत. हा नियम तिकडेही आहे, हे मुलीनेच त्यांना कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं. पण ते दिवस लिहिलेले असतात मागच्या बाजूला, आणि कागद स्कॅन करताना या हुशार पोरांनी फक्त पुढच्या बाजू घेतल्या होत्या. नक्कल कधी मिळाली असं मुलीने यजमानांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, लगेच. सत्तरी उलटलेल्या, बायको तुरुंगात असलेल्या माणसाला काय आठवणार? जगातल्या कुठल्या नक्कलखात्याने कुणाला काही लगेच दिलंय?

मुदत जाऊन आठ दिवस झाले होते. मुदतीत ते चौदा मिळवले तर अजून सहा शिल्लक होते. आणि मुलगी रविवारी येणार होती.

मुळाबरहुकूमांनी पान घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. फोन समोरच होता. त्यांनी तो उचलला नाही.

अपील झालं की पुन्हा तारखा, पुन्हा मागची रांग. अजून एक वर्ष, कदाचित दोन. त्यांना मुलगी घरी हवी होती. मोठं काही नको होतं, ती बाथरूममधून "टॉवेल" म्हणून ओरडेल, दिवे चालू ठेवून झोपेल, आपण रागावू, एवढंच. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलीचा फोन आला, तेव्हा विमानतळावर कोण येणार, कुठल्या दाराशी थांबायचं, हे सगळं नीट विचारून घेतलं. खिशातला कागद छातीला टोचत होता असं म्हणायला हरकत नाही, पण खरं सांगायचं तर त्यांना तो अधूनमधून विसरायलाही होत होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती उशीला अभ्रा घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मी नको म्हणावं म्हणून?"

"तसं नाही."

"तसंच आहे. एवढी वर्षं कोर्टात काढलीत, आता घरात न्यायाधीश शोधताय." तिने अभ्र्याची टोकं ओढून सारखी केली. "मी काय, मी नको म्हणेन. तोंडावर सांगते. माझी पोर आहे. पण ती बाई आत बसलीये आणि तिचा नवरा बाहेर. पोर रविवारी आली ना, की तुम्ही तिच्या तोंडाकडे बघणार नाही. आणि मी तुम्हा दोघांच्या तोंडाकडे बघत बसायचं. करा फोन."

त्यांनी फोन केला. घसा खाकरून, साक्ष द्यायला उभं राहिल्यासारखं, क्रमाने सगळं सांगितलं.  पलीकडून मुलगी म्हणाली, "थांबा," आणि फोन बंद झाला.

अर्ध्या तासाने परत आला. मागे धावपळ ऐकू येत होती, कुणीतरी दुसऱ्याच भाषेत घाईघाईने काही विचारत होतं. "आहे बाबा," ती म्हणाली. "गठ्ठा मागवून बघितला. तीन आणि सतरा. नवे वकील आजच लिहायला बसतायत."

"सहा दिवस होते," मुळाबरहुकूम म्हणाले. "दोन मी खाल्ले. परवाच दिसलं होतं मला. तू येणार होतीस, म्हणून बोललो नाही."

त्यांना वाटलं, आता ती चिडेल. चिडायलाच हवं होतं.

"चार पुरतील," ती म्हणाली.  पुढे बोलली तेव्हा आवाज वेगळा होता. "बाबा, बाईंचे यजमान 'लगेच' म्हणाले, तेव्हाच मला खटकलं होतं. मी तुमची मुलगी आहे, मला कळत नाही का? दुसऱ्यांदा विचारायचं होतं. नाही विचारलं. तिकीट काढून झालं होतं. मला घरी यायचं होतं, हो. फार यायचं होतं."

तीन वर्षांत हे वाक्य तिने एकदाही म्हटलं नव्हतं. कधी येतेस विचारलं की 'बघू', 'एवढी तारीख होऊ दे', 'पुढच्या महिन्यात कळेल'. तिकडे रमली, असं त्यांनी आणि बायकोने न बोलताच ठरवून टाकलं होतं.

"हे आईला सांग," ते म्हणाले. "तिला वाटतं, तू आम्हाला विसरलीस."

"आणि तुम्हाला?"

"मलाही तसंच वाटत होतं," मुळाबरहुकूम म्हणाले, आणि त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला.