मसोतं, पोतेरं आणि नवनाथचा सदरा

यशोदाबाईंबद्दल मला फार कमी माहीत आहे. त्यांचं आडनावसुद्धा मला त्या गेल्यावर कळलं. नाशिक रोडला आमच्या घरी त्या केर-फरशी आणि भांडी करायच्या. माझी बायको गेल्यानंतर घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं, तरी आमचं बोलणं बहुतेक साबण-फिनाईलपुरतंच.

फडक्यांच्या बाबतीत मात्र त्या कडक होत्या. ओट्याचं ते मसोतं, जमिनीचं ते पोतेरं. जुना कपडा आधी मसोतं व्हायचा, विरला की पोतेरं, आणि अगदीच चिंध्या झाल्या की मोरी घासायला. खाली गेलेलं पुन्हा वर येत नसे. मी एकदा पोतेऱ्यानं ओटा पुसला.

"भाऊ, कचेरीत बी असंच करायचे का? कोनाचा बी कागद कोनाच्या बी फायलीत?"

१९९९च्या पावसाळ्यात त्यांचा एकुलता एक मुलगा नवनाथ काविळीनं गेला. सून मनीषा पोटुशी होती. तिचे वडील तिला सटाण्याला घेऊन गेले. त्यानंतर यशोदाबाईंनी नवनाथचा एक सुती सदरा आणून आमच्या फडक्यांच्या खणात, पिशवीत घालून ठेवला. त्यांच्या घरी पत्रा गळत होता.

"याचं मसोतं करायचं?" मी विचारलं.

"नाय हो. बाळाच्या अंगाला पयल्यांदा जुनं, मऊच लावत्यात. बापाचं हाय. बारशाचं बोलावनं आलं की घेऊन जाईन."

आमच्या फोनचा नंबर त्यांनी सुनेला दिला होता. फोन वाजला की पोतेरं बादलीत सोडून त्या उभ्या राहायच्या. मी नाही म्हणून मान हलवली की पुन्हा पुसायला बसायच्या. अधूनमधून सदरा उन्हात टाकायच्या आणि घडी करून ठेवायच्या.

संक्रांतीच्या सुमारास त्यांना बाजारात सटाण्याकडचा एक ओळखीचा माणूस भेटला. मनीषाला मुलगी झाली, बारसंही झालं, आता तिचं दुसरं लग्न ठरतंय, असं त्यानं सांगितलं. सासूला कळवू नका, असं तिच्या वडिलांचं म्हणणं होतं. आपल्या मुलीचं पुढचं पाहत असतील तेही.

ते मला सांगून त्यांनी फरशी पुसली. मग सदरा काढला, बटणं तोडून कमरेच्या पिशवीत टाकली आणि तो मधून फाडला.

"राहू द्या ना, यशोदाबाई."

"पडून पडून कसर लागंल."

त्याच तुकड्यानं त्यांनी ओटा पुसला. मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो.

पुढे त्या फोन वाजला तरी मान वर करीनाशा झाल्या. ते मसोतं विरलं, तेव्हा जमिनीला लागलं.

२००४च्या उन्हाळ्यात एका रात्री त्या झोपेतच गेल्या. आदल्या दुपारी काम आटोपून दारात चप्पल घालत होत्या.

"भाऊ, फिनाईल संपत आलंय."

"आणतो उद्या."

"बूच घट्ट बघून आना. मागची बाटली गळत व्हती."

"बरं."