बॉम्ब नसलेली विमानं

कांतीशेठच्या नितीनचा फोन आला तेव्हा माझ्या हातात स्प्रे गन होती आणि समोर एका टोमॅटोवाल्याच्या पिकअपचं दार. "काका, पप्पा गेले... दुकानातच, बसल्या जागी," एवढंच तो म्हणाला. माझं बोट गनच्या चापावर तसंच दाबलेलं राहिलं आणि दारावर निळ्या रंगाचा हा एवढा ओघळ आला. उभा जन्म नारायणगावात गाड्यांना रंग मारण्यात गेला, माझ्या हातून ओघळ येत नाही; कुणी तसं म्हटलं असतं तर मी भांडायला उठलो असतो. पण तो ओघळ मी घासला नाही. गाडीवाला कांतीशेठना ओळखत होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या पेंटर." ती गाडी अजून तशीच बाजारात फिरते. परवाच दिसली.

कांतीशेठ म्हणजे बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ बोलायला लागले की डिंगोऱ्यासारख्या खेड्यातला मी त्यांच्यापुढं शहरी वाटायचो. मी त्यांच्याकडं रंग घासायचा वॉटर पेपर घ्यायला जायचो, तेवढीच ओळख. एकदा गेलो तर शेठ गल्ल्यामागं वाकलेले, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. "पेंटर, ब्रशाचे वळ उठत्यात. कसं घालवायचं?" म्हणत त्यांनी वीतभर लांबीचं प्लास्टिकचं लढाऊ विमान माझ्यापुढं धरलं. मी कपाळाला हात लावला. नातवंडं असलेला माणूस, आणि खेळणी रंगवतोय! शेठ असे तापले... "खेळणं न्हाई, मॉडेल हाय ते! एकेक तुकडा घासून जोडलाय." म्हटलं, बरं बाबा, आणा गॅरेजवर. थिनर वाढवून पातळ हात कसा मारायचा ते दाखवलं, आणि तिथंच मी फसलो. वर्षभरात मीही भंगारच्या पत्र्यातून छोटे टेम्पो बनवायला लागलो. आमच्या बायकोनं आम्हा दोघांनाही वेड्यात काढलं, आणि तिचं काही चुकलं नाही.

शेठच्या विमानांत एक गोष्ट मात्र कधीच नसायची. किटमधले सुटे तुकडे प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात; त्यांत बॉम्ब, बंदुका, क्षेपणास्त्रं सगळं असतं. शेठ ती कापून बिस्किटाच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि पंखाखालची जागा रिकामी ठेवायचे. मला वाटलं, धर्माचं, अहिंसेचं काही असेल. विचारलं, तर हसले. "असंलबी. पण पेंटर, आंबा आवडतो म्हून कोय खाता का तुमी?" मी हट्टानं भांडलो. म्हटलं, शेठ, ते विमान बनवलंच मुळी बॉम्ब टाकायला. तर म्हणाले, "बनवणाऱ्यानं कशालाबी बनवलं असूंद्या. माझ्या टेबलावर ते नुसतं उडतंय."

दर हिवाळ्यात पुण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये मॉडेलवाल्यांचा मेळावा भरतो. आम्ही दोघं शेठच्या गाडीतून जायचो, मागच्या सीटवर खोक्यांना उशा लावून. तिथं कोण नसतं! डॉक्टर, इंजिनिअर, रिटायर फौजी, फोमच्या शीटमधून सिनेमातल्या ढाली-तलवारी हुबेहूब करणारी पोरंपोरी. सगळे टॉर्च घेऊन एकमेकांच्या मॉडेलवर वाकलेले आणि पत्र्यावरचे टाचणीएवढे खिळे मोजत असलेले. एकमेकांची जात, गाव, पगार कुणी विचारत नाही. गोंद कुठला वापरला ते विचारतात. मला ते फार आवडायचं. पण शेठच्या टेबलाशी परीक्षक आले, की पंखाखाली टॉर्च मारायचे आणि कागदावर लिहायचे : शस्त्रं नाहीत, मॉडेल अपूर्ण. दरवर्षी. शेठ तो कागद घडी घालून खिशात ठेवायचे आणि दुसऱ्याच्या टेबलावर बक्षीस लागलं की सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग एका वर्षी मी ते केलं. शेठनी दोन वर्षं खपून एक विमान बनवलं होतं, त्याच्यासारखं काम मी तरी पाहिलं नाही. त्या विमानाची चार क्षेपणास्त्रं मी महिनाभर आधी त्यांच्या डब्यातून गुपचूप उचलली आणि गॅरेजमध्ये रंगवून ठेवली. मेळाव्याच्या दुपारी शेठ व्हरांड्यात डबा खायला बसले तेवढ्यात मी ती पंखाखाली चिकटवून टाकली. प्लास्टिकचा गोंद साधा नसतो, तो प्लास्टिक वितळवून जोडतो. दहा मिनिटांत दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. शेठ परत आले तोवर परीक्षक टेबलाशी पोचले होते. त्या वर्षीचा पहिला कप कांतीशेठना मिळाला.

स्टेजवरून उतरून त्यांनी विमान हातात घेतलं, उलटं केलं, पाहिलं... आणि खोक्यात ठेवलं.  येताना वाटेत मंचरला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "तुमी केलं?" म्हटलं, हो, तुम्ही जिंकावं म्हणून केलं. इतकी वर्षं मला 'तुम्ही' म्हणणारा माणूस पहिल्यांदा 'तू'वर आला. "मग तूच जिंकला. घे." कप माझ्या मांडीवर ठेवला आणि चहा अर्धाच टाकून गाडीत जाऊन बसले.

दोन महिने बोलणं नाही. वॉटर पेपर मी आळेफाट्याहून आणायला लागलो. मग एक दिवस शेठ स्वतः गॅरेजवर आले, खोकं बाकावर ठेवून म्हणाले, "तुमी चिकटवलं, तुमीच काढा." 'तुमी' ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला, खोटं कशाला सांगू. करवतीच्या पात्यानं चारी कापली आणि दोघांनी मिळून पंख घासले. पण वितळलेलं प्लास्टिक परत सपाट होत नाही. चार पांढरे वण राहिलेच. मी रंग कालवायला उठलो तर शेठनी हात धरला. "ऱ्हाऊंद्या. दिसूंद्या."

पुढच्या मेळाव्याआधी त्यांनी कप मागितला. मला वाटलं, झालं गेलं विसरले. मी तो पॉलिश मारून चकाचक करून दिला. आणि त्यांनी काय करावं? सगळ्यांसमोर स्टेजवर जाऊन कप परत ठेवला. "या मॉडेलचं समदं काम माझ्या हातचं नव्हतं," म्हणाले. कुणाच्या हातचं, असं विचारलं तर, "ते नका इचारू." मॉडेल स्वतःच्याच हातचं हवं, हा तिथला पहिला नियम. शेठना दोन वर्षं स्पर्धेतून बाद केलं. लोक कुजबुजले, की शेठ पैसे देऊन काम करून घेतात. आणि मी तिसऱ्या रांगेत माझ्या चपलांकडं बघत बसलो होतो. उठून दोन शब्द बोललो नाही. येताना विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत? "तुमालाबी बाद केलं असतं की राव. मग माझ्यासंगं गाडीत कोण येनार?" ती दोन्ही वर्षं ते माझी खोकी उचलून माझ्या टेबलामागं उभे राहिले, आणि माझ्या टेम्पोंचं कौतुक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसले.

ते गेल्यावर बाराव्या दिवशी शेठच्या बायकोनं, मंजूवहिनींनी, मला आत बोलावलं. अर्धवट जोडलेलं एक विमान आणि तो बिस्किटाचा डबा माझ्या हातात दिला. "पेंटरभाऊ, हे दुसऱ्या कुनाला कळायचं न्हाई." मी मान हलवली. महिनाभर रोज दुपारी बसून मी ते विमान पुरं केलं. त्यांनी केलेला रंग कुठं संपतो आणि माझा कुठं सुरू होतो, ते मला दिसतं, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

गेल्या आठवड्यात मेळाव्याचा अर्ज भरला. 'मॉडेल कुणी केलं' या रकान्यात दोन नावं लिहिली. आयोजकांचा फोन आला, "काका, नियमात बसत नाही हे." म्हटलं, माहीत आहे. स्पर्धेत धरू नका, नुसतं एक टेबल द्या... आणि पाच मिनिटं माइक. "माइक कशाला?" म्हटलं, कांतीशेठच्या मॉडेलला दुसरा हात कुणाचा लागला होता, ते सांगायचंय. मला बाद करायचं तर खुशाल करा. त्यांनी टेबलाचा नंबर दिला आणि माइकच्या यादीत माझं नाव लिहून घेतलं.

काल त्याच विमानाच्या किटची चौकट आवरायला घेतली. तिच्यावर सहा क्षेपणास्त्रं अजून तशीच होती. एकेक कापून डब्यात टाकली. डबा इतका भरलाय, की झाकण बसेना, म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. टेबलावर विमानाशेजारी तो डबाही ठेवणार आहे. कुणीतरी टॉर्च घेऊन वाकेल, पंखाखाली बघेल आणि म्हणेल, अपूर्ण आहे. म्हणू दे. या वेळी मी डब्याला हात लावणार नाही.