एक डबा तापीला

गणपतीची रजा संपवून निघालो तेव्हा बाबा होडीच्या सावलीत जाळ्याला गाठी मारत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "मासे धरूचे असतत, सोडूचे नाय. सरकाराक कोण सांगतला?"

देवगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या होडीवाल्या घरात पगार आणणारा मी पहिलाच. नोकरी लागली तीही मासळी खात्यात, म्हणून आईने देवापुढे नारळ ठेवला होता. पण बदली झाली खानदेशात. मासळी खात्याचा माणूस समुद्रापासून किती लांब नेता येतो याची सरकारने पैज लावली असावी. मी तिकडे काय करतो हे घरच्यांना कधी नीट कळलं नाही, म्हणून त्या एका खेपेची हकीकत सविस्तर लिहितो.

भुसावळ स्टेशनावर कलकत्त्याच्या गाडीतून माझ्या नावाचे आठ पत्र्याचे डबे उतरले. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं आणि आत रोहू, कटला या गोड्या पाण्यातल्या माशांची पिल्लं, बोटाच्या पेराएवढी. नंदुरबारकडच्या तलावांत सुरुंग लावून आणि विषारी साली टाकून लोकांनी मासळी संपवत आणली होती. खात्याने ठरवलं होतं की नवी पिल्लं सोडायची आणि दोन वर्षं जाळं टाकू द्यायचं नाही. त्यासाठी मनाईची एक लाकडी पाटीही माझ्याबरोबर होती.

पिल्लं न्यायची म्हणजे तान्हं मूल नेण्यासारखंच. डब्यातलं पाणी सारखं हाताने खळखळवावं लागतं, नाहीतर त्यात हवा राहत नाही आणि पिल्लं गुदमरतात. तापी खोऱ्याच्या गाडीत मी आठ डबे मांडून बसलो आणि पाळीपाळीने त्यांत हात घालत राहिलो. समोरच्या बाकावरच्या कापसाच्या दलालाला ते तेलाचे डबे वाटले. खरं कळल्यावर तो सामान घेऊन दुसऱ्या डब्यात गेला. मला हसूही आलं आणि एकटंही वाटलं.

नंदुरबारला सुकलाल गाडीवान बैलगाडी घेऊन हजर होता. तलाव कोरीट गावाच्या पुढे होता. पाऊस थांबून आठवडा झाला होता. वर ऊन कडक आणि खाली काळ्या मातीचा चिखल. दोन्ही बाजूंना कापूस होता, मध्येच केळीचा एखादा मळा. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. खरं सांगतो, सकाळच्या धुक्यात त्या रेघेकडे पाहिलं की मला समुद्र वाटायचा. वर्षभर राहूनही दिवसातून एकदा तरी मी फसायचो.

ऐन दुपारी गाडीचं चाक आसापर्यंत रुतलं. बैल ओढून ओढून खाली बसले. मी फडकं सोडून पाहिलं, तर डब्यातलं पाणी कोमट झालेलं आणि पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती. काही पांढरी पोटं वर करून तरंगतही होती. तीन दिवसांचा प्रवास करून आलेला जीव तलावापासून अर्ध्या कोसावर जाणार, असं दिसत होतं. मला रडू यायचं तेवढं राहिलं होतं.

जवळच्या मळ्यातून एक बाई धावत आली. मणीबाई तिचं नाव, गुजर शेतकऱ्याघरची, पन्नाशीची. गुजर मंडळी मासा शिवतसुद्धा नाहीत, म्हणून मी चाचरतच पाणी मागितलं. तिने डब्यात एकदा डोकावलं आणि विहिरीकडे वळली. पाणी आणून लगेच ओतलं मात्र नाही. दूध निववतात तसं तिने ते या हंड्यातून त्या हंड्यात, हात डोक्यावर नेऊन, पाच-सात वेळा उंचावरून ओतलं आणि मग थोडं थोडं डब्यात सोडलं. हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. पाण्यात हवा मिसळण्याबद्दल खात्याच्या प्रशिक्षणात आम्हाला पंधरा दिवसांत जे सांगितलं ते तिने हंड्यावर करून दाखवलं. हळूहळू पिल्लं खाली जाऊन फिरू लागली.

तेवढ्यात तिच्या नवऱ्याने आपली बैलजोडी आणून लावली आणि चाक काढलं. मला त्यांनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची), शेंगदाण्याची चटणी आणि ताक दिलं. हजारो माशांशेजारी बसून मी चटणी-भाकरी खाल्ली. भाकरी उत्तम होती, पण जीव आईच्या बांगड्याच्या तिखल्यात, त्या झणझणीत कालवणात, अडकला होता.

मणीबाई डब्याशेजारी बसून पाणी खळखळवत होती. तिने विचारलं, "या मासा कोठला शेतस, भाऊ?"

कलकत्त्याकडचे, तीन दिवस-तीन रात्री गाडीत होते, असं मी सांगितलं.

"इतल्या दूर दिन्यात पोरी," लेकी लांब सासरी दिल्यासारखं ती म्हणाली. "त्यास्ले पोरेसोरे व्हतीन का तलावमा?"

हा प्रश्न मला साहेबांनीही कधी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. हा मासा साचलेल्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालत नाही. त्याला वाहती नदी लागते, पूर लागतो. म्हणून तर आम्हाला पुन्हा पुन्हा पिल्लं आणावी लागतात.

तिचा हात थांबला. "मंग एक डबा तापीमा सोड. वाहतं पानी भेटू दे एखादीले."

हुकूम आठही डबे तलावात सोडण्याचा होता. नदीत सोडलेल्या माशांची राखण कोण करणार? मी तिला तसं म्हणालोही. ती पुन्हा पाणी हलवू लागली. मला वाटलं, हिने हात लावला नसता तर तलावात सोडायलाही काही उरलं नसतं. मी हो म्हटलं. तशी ती तो डबा मांडीवर घेऊन गाडीत चढून बसली. नवरा तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, सांजपर्यंत ये.

तलावावर सात डबे सोडले. एकदम ओतायचे नसतात. डबा पाण्यात अर्धा बुडवून ठेवायचा, आतलं आणि बाहेरचं पाणी सारख्या उबेचं झालं की मग तोंड उघडायचं. मला खानदेशात सोडताना कुणी एवढा वेळ दिला नव्हता, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही. पाटी ठोकली आणि आम्ही तापीकडे निघालो.

तापीला गढूळ, भरपूर पाणी होतं. काठावर वर एक गाव दिसत होतं. कौलं, एक पिंपळ, कुणाच्या तरी चुलीचा धूर. मणीबाईने गुडघाभर पाण्यात उतरून डबा तिरपा धरला आणि मी सांगितलं तेवढा वेळ तशीच उभी राहिली. पिल्लं गेली. ती गावाकडे बघत होती.

सुकलाल माझ्या कानाशी म्हणाला की ते तिचं माहेर. बांधावरून तिच्या भावाचं आणि नवऱ्याचं बिनसलं, तेव्हापासून बारा वर्षं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुराळी, म्हणजे माहेरी न्यायला येणारा भाऊ, आलेला नाही. घर एवढं समोर आहे तर जाऊन ये म्हणावं तिला, असं मी म्हणालो.

"बलावाबिगर कशी जाई ती?" सुकलालने मलाच विचारलं.

मणीबाईने रिकामा डबा तापीच्या पाण्याने काठोकाठ भरला आणि तोंडाला फडकं बांधलं. "हाऊ डबा माले ऱ्हाऊ दे, भाऊ," एवढंच म्हणाली. सरकारी डबा होता. मी राहू दिला. परतीच्या वाटेवर तिने तो पुन्हा मांडीवर घेतला. त्यात आता एकही मासा नव्हता, तरी तिचा हात पाण्यात होता. मला त्या वेळी घरची इतकी आठवण झाली की मी तोंड फिरवून कापसाकडे बघत बसलो.

एक डबा कुठे गेला हे मी साहेबांना खरं तेच सांगितलं. त्यांनी कडक शब्दांत समज दिली आणि दिवाळीला चारच दिवस रजा दिली.

घरी पोचलो तेव्हा बाबा त्याच होडीच्या सावलीत होते. मी शेजारी बसलो आणि हे सगळं सांगितलं. ते गाठी मारत ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तापी खंय मिळता?"

"सुरतेकडे, बाबा. आपल्याच दर्याक. पण तो गोड्या पाण्याचो मासो. दर्यात जगाचो नाय."

"मासो नाय इलो, तरी पाणी येता मां?" बाबा म्हणाले. त्यांनी सुई खाली ठेवली आणि लाटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "शिमग्याक ये."

नोकरी लागल्यापासून त्यांनी मला घरी बोलावलं ते पहिल्यांदाच.