माझ्या बाजूचं कापड

ताईचा फोन आला तेव्हा मी लकडगंजच्या सिग्नलवर गाडीत होतो. "विजू, हे गेले गा… जेवून आडवे झाले, मंग उठलेच नाही." मागचे लोक हॉर्न वाजवत होते. छताचं सुटलेलं कापड माझ्या केसांना लागत होतं आणि मला एकच सुचलं, हे भाऊजींना दिसायला नको. महिना झाला, त्या विचाराची लाज जात नाही.

भाऊजींनी आयुष्यभर मंडप बांधले. डोक्यावर कापड ताणावं तर त्यांनीच; लग्नात लोक नवरा-नवरी पाहायचे, हे मान वर करून सुरकुत्या शोधायचे. मागच्या उन्हाळ्यात माझ्या जुन्या गाडीच्या छताचं कापड उन्हानं सुटून तंबूसारखं लोंबायला लागलं, आतल्या फोमचा पिवळा भुगा डोक्यावर पडायला लागला. गॅरेजवाल्यानं सांगितलेला आकडा मला झेपणारा नव्हता. भाऊजींनी गाडीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "काहून गा, मंडपवाल्याच्या साळ्याच्या गाडीले असं छत? नाक कापतं माह्यं."

रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात आम्ही दिवे, हँडल काढले, सीट पाडल्या आणि ज्यावर कापड चिकटवलेलं असतं तो छताचा अख्खा पुठ्ठा मागच्या दारातून बाहेर ओढला. एक जण आतून धरणार, दुसरा बाहेरून घेणार. त्यांच्याकडे मंडपाचं दुधी कापड उरलं होतं. पन्हा कमी, म्हणून मधोमध जोड देऊन दोन पट्टे. डावा त्यांचा, उजवा माझा. "पहिले ब्रशनं सगळा भुगा काढ," ते म्हणाले. "भुगा राहिला त कापड भुग्याले चिपकते, छताले नाही." त्यांनी आपली बाजू तासभर घासली. मला दुपारच्या मॅचची घाई होती. ते चहा सांगायला आत गेले तेव्हा मी समोरचा भाग तसाच सोडून त्यावर चिकटवायचं सोल्युशन फासायला डबा उघडला. ते परतले. "घासलं न सारं?" "हो." त्यांनी माझ्या बाजूवर तळहात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

दीड महिन्यात माझी बाजू सुटली. त्यांची तशीच ताठ. त्यांचा दर आठ-दहा दिवसांनी फोन यायचा. "छत कसं हाय गा?" मी म्हणायचो, "एकदम कडक, भाऊजी." "मंग आन न गाडी. मले खाप्याले नेऊन आन, लय दिवस झाले कन्हान नदी पाह्यली नाही. रस्त्यानं छत बी पाहीन." मी कधी ऑफिसचं काम सांगितलं, कधी गाडी बंद असल्याचं. एका खोट्यासाठी चार महिने मी त्यांच्या दारात गेलो नाही… त्यांच्या घरापासून माझं घर पंधरा मिनिटांवर आहे.

शेवटी खाप्याला नेलंच. ताई पुढच्या सीटवर, मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेला कलश. त्यांच्या वर त्यांचंच कापड, एकही सुरकुती नाही. पाटणसावंगीच्या पुढे ताईनं माझ्या बाजूच्या लोंबत्या कापडाकडे पाहिलं. मी काही बोलणार, त्याआधीच ती म्हणाली, "त्यायले माईत होतं गा. त्याच दिवशी म्हणले, विजूनं भुगा राहू देला, त्याची बाजू सुटते. मी म्हणलं, मंग सांगा न त्याले. त म्हणले, तो सांगन न मले…" मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

परत आल्यावर तिनं कपाटातून एक गुंडाळी काढून दिली. माझ्या बाजूच्या मापाचं दुधी कापड, कापून, कडा दुमडून ठेवलेलं.

मागच्या रविवारी मी ब्रश, सोल्युशन सगळं घेऊन बसलो. दिवे काढले, हँडल काढले, सीट पाडल्या. आत बसून दोन्ही हातांनी छताचा पुठ्ठा धरला, मागचं दार उघडं होतं… बाहेरून घ्यायला कोणी नव्हतं. बराच वेळ तसाच धरून बसलो. मग सगळे स्क्रू पुन्हा लावले आणि त्यांच्या बाजूवर तळहात फिरवला. हाताला काहीच लागलं नाही.