नानांचा चहा

अवजड यंत्र क्रेनने वीतभर उचलले की नाना हात वर करून काम थांबवायचे आणि पिशवीतून स्टीलचा पेला काढायचे. मग थर्मासमधला चहा, फुंकर घालत, शेवटच्या घोटापर्यंत. तेवढा वेळ यंत्र लटकत राही. नाना त्याच्याकडे बघतही नसत. त्यांची नजर साखळ्यांवर आणि क्रेनच्या चारही पायांखालच्या जमिनीवर फिरत असे.

मूळचे धरणगावकडचे, पिंप्राळ्यात राहणारे नाना आमच्या कंपनीत मुकादम होते. जळगाव-धुळ्याच्या कारखान्यांत यंत्रे बसवणे हे आमचे काम. नानांचे शिक्षण सातवीपर्यंत. मी सुरक्षा अधिकारी. पदविका माझ्याकडे, शिट्टीही माझ्याकडे. रोज सकाळी मी कामगारांना दहा मिनिटे नियम सांगत असे. ते ऐकून घेत आणि मग नानांकडे बघत. नानांनी मान हलवली की कामाला लागत. त्या मान हलवण्याचा मला अनेक वर्षे हेवा वाटला.

एकदा मी त्यांना म्हणालो, थांबायचेच तर घड्याळ लावून थांबू, चहा कशाला? नाना हसले आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले,

"मशीनले घाई नई शे, साहेब. तुम्हले शे."

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला तेव्हा मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "भाकरले घाई नई शे, साहेब." सगळे हसले. नाना हसले नाहीत, याचा राग जास्त आला.

धुळ्याच्या एका तेलगिरणीत बॉयलर बसवायचा होता, त्या दिवशी नाना नातीच्या साखरपुड्याला गेले होते. त्यांच्याशिवायही काम होते, हे मला त्या एका दिवसात दाखवायचे होते. क्रेनला इशारे देण्याचे कामही मी स्वतःकडे घेतले. बॉयलर वीतभर उचलला गेला आणि क्रेनचालक सलीमने दांड्यावरचे हात काढले. आणखी वर घेण्यासाठी मी शिट्टी वाजवली. सलीम थर्मासचे झाकण फिरवत होता. मी पुन्हा वाजवली.

"नानांचा चहा होऊ द्या, साहेब," तो म्हणाला.

मी तिसऱ्यांदा वाजवली, चांगली लांब. ती वाजत असतानाच क्रेनचा मागचा पाय जमिनीत गेला. तिथे जुना शोषखड्डा होता, वरून मुरूम टाकून बुजवलेला. क्रेन कलली, बॉयलर जमिनीला टेकला आणि तेवढ्यावर निभावले. दोर धरून उभे असलेले चौघे दोन पावले मागे सरले. सलीमने पहिली शिट्टी मानली असती तर बॉयलर तेव्हा त्यांच्या डोक्याच्या उंचीवर असता.

अहवाल मी लिहिला. 'सुरक्षा अधिकाऱ्याने भार जमिनीलगत रोखून धरल्यामुळे जीवितहानी टळली.' त्यात नानांचे नाव नव्हते, सलीमचेही नव्हते. मुख्य कार्यालयाने त्यावरून 'भार वीतभर उचलून थांबा' असा नियम केला, खाली माझी सही छापली आणि प्रत्येक कामावर तो फलकावर लावला.

नानांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. सलीमने त्यांना सगळे सांगितले आहे, हे मला माहीत होते. मी बोलणी खायच्या तयारीत उभा होतो.

"मस्त लिखेल शे," ते म्हणाले. "फक्त चहा राही गया, साहेब. नुसतं थांबा सांगं ते कोणी थांबत नई. मानोसना हातमा कायतरी देनं पडस."

ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. चहा मी नियमात घातला नाही.

नाना गेल्या वर्षी वारले. सध्या जळगावात आमचे काम चालू आहे. तिथल्या बहुतेकांनी त्यांना पाहिलेलेही नाही. तरी भार वीतभर उचलला की कोणीतरी पेला काढतो आणि 'नानांचा चहा' म्हणतो. फलक मागेच असतो, माझ्या सहीसह. तो कोणी वाचत नाही.

हेवा गेलेला नाही. अहवालात एक दुरुस्ती मात्र करायला हवी. धुळ्याला भार मी रोखला नव्हता. मी तिसऱ्यांदा शिट्टी वाजवत होतो.